लवकर उतरलेलं पाणी

चांगली बातमी आली की मला भीती वाटते. वाईट बातमीचं बरं असतं, ती आली की पदर खोचून कामाला लागता येतं. चांगल्या बातमीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बाबा म्हणतात, ही पोर जन्माला आली तीच भेदरून. ऑफिसात माझ्या पाठीमागे काय म्हणत असतील ते मी विचारायला जात नाही.

त्या रविवारी मी खाडीकाठच्या खारेपाटात, आमच्या घरी होते. अनंत चतुर्दशीनंतर आमच्याकडे बसतो त्या साखरचौथीच्या गणपतीसाठी सुट्टी काढून आले होते. गणपतीचं विसर्जन झालं होतं, त्यामुळे आईने सकाळीच शेजारच्या तळ्यातलं जिताडं, आमच्याकडचा मानाचा मासा, मागवून ठेवलं होतं. घरभर वाटणाचा वास सुटला होता आणि मी पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात आमच्या टीमच्या प्रमुखांचा, दिपेश सरांचा मेसेज आला. वर एक आलेख, खाली लिहिलेलं: 'आपलं स्टोरेज सुसाट! बँक खूश!' त्याखाली टाळ्या वाजवणारे हात, पुष्कळ.

मी आलेख पाहिला आणि माझं जिताड्यावरचं मन उडालं.

माझं काम आधी सांगते. एका मोठ्या बँकेचा मेनफ्रेम आमची कंपनी सांभाळते. मेनफ्रेम म्हणजे ज्या एका थोरल्या संगणकावर बँकेचे सगळे व्यवहार चालतात तो. व्यवहार तो करतो, पण ते जपून ठेवायला त्याच्या शेजारी कपाटाएवढं दुसरं यंत्र असतं, त्याला स्टोरेज म्हणतात. मेनफ्रेम म्हणतो, लिही. स्टोरेज म्हणतं, लिहिलं. या दोन शब्दांच्या मध्ये किती वेळ गेला ते मोजत बसणं ही माझी नोकरी. आईला मी हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आन याचा पगार देतान?"

आता गोम अशी की आमचं स्टोरेज नवी मुंबईत आहे आणि त्याची जुळी बहीण घाटावर, दुसऱ्या केंद्रात. इथे लिहिलेली प्रत्येक ओळ केबलमधून घाटावर जाते. तिथलं यंत्र ती लिहून घेतं, 'पोचली' असं उलट कळवतं, आणि मगच इथलं यंत्र मेनफ्रेमला 'लिहिलं' म्हणतं. उद्या इथे आग लागली, पाणी शिरलं, तर घाटावर सगळं जसंच्या तसं सापडावं म्हणून हा खटाटोप. याला आम्ही मिरर म्हणतो. त्याच्यामुळे वेळ लागतो. दीड मिलिसेकंद. तुमच्यामाझ्यासाठी तो काहीच नाही, पण मेनफ्रेमला तो डोंगराएवढा, आणि बँक दोन वर्षं त्यावरून आमचं डोकं खात होती.

शुक्रवारी संध्याकाळी, मी घरी आरतीला उभी असताना, टीमने स्टोरेजमध्ये नवं सॉफ्टवेअर घातलं. आलेखावरची रेघ तिथून एकदम खाली आली होती. दीड मिलिसेकंदावरून पाव मिलिसेकंदावर. शनिवारभर तिथेच. रविवारी सकाळीही तिथेच.

"काय गो बाय," बाबा पडवीत येऊन म्हणाले, "सकालपासून त्या डबड्यात तोंड घालून बसलीस. कोन मेला काय?"

"मशीन लवकर चालतंय, बाबा."

"मंग? लवकर चालतंय त नाच की!" ते हसले. त्यांचे दोन डंपर आहेत. लवकर चालणं त्यांना साहजिकच आवडतं. "हिचा जलमच भ्यान्यात जानार," असं आईला ओरडून सांगत ते आंघोळीला गेले.

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. लवकर म्हटलं की नाचायचं, हे मी त्यांनाच एकदा करताना पाहिलं होतं.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आमची शेती खाडीला लागून होती. खारेपाटात शेत आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो, बस. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी शेतात साचलं की ओहोटीला उघाडीतून सोडायचं, भरती आली की दार मिटायचं. जुनं दार कुजलं होतं म्हणून बाबांनी पुढाकार घेऊन नवं बसवलं. पुढच्याच मोठ्या पावसानंतर शेतातलं पाणी एका ओहोटीत उतरलं. एरवी त्याला तीन-चार ओहोट्या लागायच्या. बाबा बांधावर अक्षरशः नाचले. गावकऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं, संध्याकाळी कोंबडं कापलं.

दार तेवढंच होतं, जुन्याच मापाचं. मग पाणी एवढं लवकर गेलं कुठून, हे कुणी विचारलं नाही. खेकड्यांनी बांध पोखरला होता. पाणी त्या बिळांतून गेलं होतं. आणि ज्या वाटेने पाणी बाहेर गेलं त्याच वाटेने आवसेच्या उधाणाला समुद्र आत आला. बांधाला खांड गेली, तो फुटला, भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत. भाताची रोपं खाऱ्या पाण्यात उभी राहिली, मग पिवळी पडली, मग दिसेनाशी झाली. तिथे आज तिवरांचं जंगल आहे. त्या शेतात नंतर कधी भात झाला नाही. बाबा आजही म्हणतात, दार मात्र एक नंबर होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी आहे. फुंकून फुंकून ताक निवलं तरी फुंकत बसते. म्हणून मी आधी स्वतःलाच दटावलं. प्राप्ती, नवं सॉफ्टवेअर आहे, असेल चांगलं. मिररची स्क्रीन उघडली. इथल्या आणि घाटावरच्या डिस्कच्या सगळ्या जोड्या हिरव्या होत्या. एकही लाल नाही, पिवळी नाही. मी लॅपटॉप मिटला आणि पुन्हा उघडला.

कारण एक हिशोब जुळत नव्हता. नवी मुंबईहून घाटावर केबलमधून जो संदेश जातो तो प्रकाशाच्या रूपात जातो. त्याला जाऊन परत यायला एक मिलिसेकंद लागतो. त्याहून लवकर तो येऊच शकत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर घाला. आणि आमचं स्टोरेज पाव मिलिसेकंदात 'लिहिलं' म्हणत होतं.

म्हणजे ते घाटावर विचारतच नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. कारण दुपारी जेवणाच्या वेळेला ड्रिल होतं. वर्षातून दोनदा रविवारी बँक खरोखरीचा सराव करते: सगळं काम घाटावरच्या यंत्रावर न्यायचं, ते नीट चाललं की तिथली प्रत उलट इकडे उतरवून घ्यायची, म्हणजे दोन्हीकडे पुन्हा सारखं. एकदा सुरू केलं की पुढचं सगळं आपोआप होतं. घाटावरची प्रत शुक्रवारपासून जुनी असेल, तर ती जुनी प्रत इथल्या नव्यावर चढणार होती. दोन दिवसांत कुणी पगार काढला, कुणी दवाखान्याचं बिल भरलं, कुणी लेकीला परगावी पैसे धाडले, ते सगळं जणू घडलंच नव्हतं असं होणार होतं. कुठेही दुसरी प्रत नाही. ज्या वाटेने पाणी गेलं त्याच वाटेने समुद्र आत येणार होता.

मी सरांना फोन लावला. मागे माणसांचा गलबला, कपबशांचा आवाज. बँकेचे साहेब येऊन बसले असणार.

"बोल प्राप्ती. सुट्टीतसुद्धा चैन नाही ना तुला?"

"सर, आकडा फार कमी आहे."

"अगं, कमीच हवा होता ना!"

मी प्रकाशाचं सांगितलं. माझा आवाज चिरकत होता, ते मलाच ऐकू येत होतं.

"मिरर हिरवा आहे. स्क्रीन बघ," ते म्हणाले.

"बघितली. सर, शुक्रवारी सॉफ्टवेअर घालताना मिरर थांबवला असेल. आणि उगाच अलार्म वाजू नयेत म्हणून स्क्रीनची तपासणीही बंद केली असेल. नेहमी करतो तसं. ते दोन्ही परत चालू कुणी केलं? तपासणी बंद असेल तर स्क्रीन शुक्रवारचाच हिरवा रंग दाखवत बसेल."



"टीमने केलं असेल."

"कुणी, सर?"

"प्राप्ती," त्यांनी आवाज खाली आणला, "मार्चमध्ये काय झालं होतं आठवतंय ना?"

आठवत होतं. मार्चमध्येही मी ड्रिल थांबवायला लावलं होतं. बँकेची मोठमोठी माणसं हात बांधून बसली होती, आणि शेवटी काहीच निघालं नव्हतं, एक आकडा मीच जास्त मनावर घेतला होता. त्यानंतर सर मला म्हणाले होते की पुन्हा असं झालं तर तुला या कामावर ठेवणं माझ्या हातात राहणार नाही.

"आता सगळे समोर बसलेत. मी कुणाच्या भीतीवर ड्रिल थांबवू शकत नाही," ते म्हणाले. "तुला थांबवायचं असेल तर ड्रिलच्या ग्रुपवर लिही, तुझ्या नावाने. मी लिहिणार नाही." फोन बंद झाला.

एकच माणूस खरं काय ते सांगू शकत होता, ऋत्विक. तो घाटावरच्या केंद्रात ड्युटीला होता. तिथल्या यंत्रात घरून शिरायची परवानगी आम्हाला कुणालाच नाही. मी त्याला फोन लावायला घेतला आणि आमच्या घरचं नेटवर्क गेलं. आमच्याकडे ते वारा फिरला की जातं, पाखरू बसलं की जातं. बांधावर मात्र असतं.

मी चपला न घालताच पळाले. "अगो, जेवाला वारलंय!" आई ताटं वाढून मागून ओरडत होती.

बांधावर ऊन मी म्हणत होतं. भरती चढत होती, तिवरांच्या बुडख्यांत पाणी चुळूकचुळूक वाजत होतं. आमचं शेत होतं तिथूनच वाट जाते. मी त्या बाजूला कधी बघत नाही, त्या दिवशीही बघितलं नाही. फोनवर दोन दांड्या आल्या आणि ऋत्विकने फोन उचलला.

"मॅडम, आता सुरूच करतोय. नवी मुंबईहून कमांड देणार आहेत, मी फक्त लक्ष ठेवायला."

"ऋत्विक, स्क्रीनवर बघू नकोस. यंत्राजवळ जा आणि त्यालाच विचार, इकडून शेवटची ओळ कधी आली. एवढंच बघ."

"आतल्या खोलीत फोन नेता येत नाही, मॅडम. जाऊन यायला वेळ लागेल. तोवर ते सुरू करतील."

"तू जा. आधी जा!"

तो गेला. आता त्याचं उत्तर येईपर्यंत वाट बघायची तर ड्रिल सुरू होणार, आणि न बघता लिहायचं तर पुराव्याशिवाय लिहायचं, मार्चसारखं. मी ग्रुप उघडला. वर बँकेच्या साहेबांचा मेसेज होता, 'आपण सुरू करूया.' त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. मी चुकले तर नोकरी जाणार, तो भाग वेगळाच. लोक हसणार. भेदरट ती भेदरट, असा शिक्का बसणार, आणि यापुढे मी खरंच काही पाहिलं तरी माझं कुणी ऐकणार नाही. पण याहून वाईट भीती तिच्या खाली होती. मी बरोबर असले तर काय, ही. माझी बोटं घामाने काचेवरून घसरत होती. मी लिहिलं, 'ड्रिल थांबवा. घाटावरची प्रत जुनी आहे. प्राप्ती.' आणि पाठवलं.

मेसेजपुढे टिकऐवजी छोटं घड्याळ दिसत राहिलं. गेला नव्हता.

मी उघाडीकडे धावले. उघाडीचा कट्टा बांधाहून उंच आहे. त्याच्यावर चढले, फोन डोक्यावर धरला, देवाला घालतात तसं त्याला साकडं घातलं. टिक आली. लगेच साहेबांचं उत्तर आलं, 'हे कोण? कशाच्या आधारावर?' त्याखाली दिसत होतं की दिपेश सर काहीतरी टाइप करताहेत. ते दिसायचं थांबलं. मग पुन्हा दिसलं. मग माझ्या फोनवरच्या दांड्याच गेल्या.

मी फोन हलवला, बंद करून चालू केला. काही नाही. पायाखाली दाराच्या फळ्यांवर भरतीचं पाणी धडका देत होतं. तिकडे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. सुरू केलं असेल तर शुक्रवारचं जुनं सगळं आत्ता, या क्षणी, इकडे चढत असेल. मी तिथे उभी राहून रडायला लागले, लहान मुलीसारखी, आवाज करून.

मोटरसायकलचा आवाज आला. बाबा बांधावरून येत होते, लुंगी गुडघ्यावर, अंगावर ओला टॉवेल. आईने पाठवलं असणार. माझा चेहरा पाहून त्यांची थट्टा तोंडातच राहिली.

"बाबा, तुमचा फोन द्या. लवकर."

त्यांचं सिम वेगळ्या कंपनीचं. ऋत्विकचा नंबर माझ्या फोनात बघून मी त्यांच्या फोनवर दाबला. रिंग वाजत राहिली. उचलत नव्हता. मी पुन्हा लावला. बाबा काही न विचारता शेजारी उभे होते.

"हॅलो, कोण?" ऋत्विक धापा टाकत होता.

"मी प्राप्ती. काय दिसलं?"

"मॅडम, शुक्रवार संध्याकाळ. त्याच्यानंतर एक ओळ आलेली नाही. एकसुद्धा नाही. मिरर बंदच आहे."

"आणि ड्रिल?"

"थांबलं. मी बाहेर आलो तर लाइनवर दिपेश सर ओरडत होते, थांबा थांबा म्हणून. कमांड टाइप करून झाली होती, मॅडम. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं."

मी कट्ट्यावरच बसले. मला हसू आलं नाही, आनंद झाला नाही. फक्त दात वाजायला लागले, एवढ्या उन्हात. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या अंगावर टाकला आणि शेजारी बसले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. स्टोरेज, मिरर, घाट, हिरवा रंग. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी मध्ये एकदाही चेष्टा केली नाही, त्यामुळे मीच थोडी घाबरले.

"पन समदी खुशीत व्हती ना गो?" त्यांनी विचारलं. "मंग तुना कसा कललं?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढत नाही. पण मी फार दमले होते आणि तोंडातून निघून गेलं.

"पाणी लवकर उतरलं होतं, बाबा."

त्यांनी मान वर केली. समोर तिवरं होती, भरतीच्या पाण्यात अर्धी बुडालेली. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर त्या बाजूला बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, दार मात्र एक नंबर होतं.

"त्या दिशी," बाबा म्हणाले, "मना पन भ्या वाटलं व्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"नाचताना मनात आलं, एवरं पानी या दारातून जानार न्हाय. दार मीच बसवलेलं, मना त्याचा माप ठाव व्हता. पन समद्यांनी उचलून घेतलेलं. वरून खाली कसा सांगू?" त्यांनी दाराच्या फळ्यांकडे पाहिलं. "आवस यायला अजून येल व्हता, बाय. बोललो असतो त बांध वाचला असता."

आयुष्यभर हा माणूस मला भेदरट म्हणत आला होता. मी टॉवेलचं एक टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं. तो ओलाच होता, पण त्यांनी राहू दिला.

थोड्या वेळाने माझ्या फोनवर दांड्या आल्या आणि सरांचा मेसेज उतरला. त्यात शाबासकी नव्हती, माफीही नव्हती. मिरर पुन्हा सुरू केला होता, दोन दिवसांचं सगळं घाटावर चढत होतं, ते संपायला रात्र होईल, आकडा पुन्हा दीडवर गेलाय आणि बँक नाराज आहे, एवढंच. मी दीडचा तो आकडा दोनदा वाचला आणि पहिल्यांदा पोटात भूक जाणवली.

"चल," बाबा म्हणाले, "कालवन निवलं आसंल."

त्यांनी मोटरसायकल चालू केली नाही, हाताने ढकलत चालत निघाले. मी त्यांच्या मागे होते. भरती बांधाच्या अंगाला लागली होती. आम्ही दोघंही, खाली मातीत कुठे बीळ दिसतंय का ते बघत, घरापर्यंत गेलो.